पाव भट्टीत असेपर्यंत

भोपळ्याचा गोड पाव हेफर फोर्क खोऱ्यातल्या सगळ्याच बायका करतात, पण डेल्फी साइझमोरने केला तितका कुणी केला नाही, आणि कुणावर तशी वेळही न येवो. झाडांची पानं तांबडी झाली, वेलांवर कुशॉ पिकले, की तिच्या घरातून जायफळ-लवंगेचा वास सुरू व्हायचा तो थेट थंडी सरेपर्यंत. कुशॉ म्हणजे आमच्याकडचा वाकड्या मानेचा, हिरव्या पट्ट्यांचा भोपळा, एकेक तान्ह्या पोराच्या वजनाचा. चर्चच्या जेवणाला डेल्फीचा पाव, मयताच्या घरी डेल्फीचा पाव, शाळेत नवी बाई आली की तिलाही डेल्फीचा पाव. "डेल्फी आत्याच्या दारात भोपळ्यांचं मरण" असं माणसं हसत म्हणायची आणि हात पुढे करायची. फुकटचं खाताना, बाई, तू एवढं का करतेस असं विचारायची पद्धत केंटकीच्या डोंगरात नाही. इतर कुठे असेल असंही वाटत नाही.

हा पाव खमिराचा नव्हे. शिजवून, फडक्यात बांधून पाणी काढलेला भोपळा, डुकराची चरबी, ज्वारीची काकवी, पीठ, मसाला, फोडलेले काळे अक्रोड, आणि शेवटी ताकात कालवलेला सोडा. सोडा फसफसला की तिथून घाई. कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चरबी फासायची, पीठ ओतायचं आणि डबे चुलीच्या पोटातल्या भट्टीत लोटायचे. झाकण लागलं की मात्र घरात चिडीचूप. आमची घरं कोळशाच्या कंपनीने बांधलेली, दगडांच्या खुंटांवर लाकडी फळ्या. कुणी दाणदाण चाललं, दार आपटलं, की सगळं घर हादरतं आणि अर्धाकच्चा पाव मधोमध बसतो. बसलेला पाव कुत्रंसुद्धा नाइलाज म्हणून खातं. त्यामुळे पाव भट्टीत असेपर्यंत पोरं पळत नाहीत, पुरुष बूट दाराशी काढतात, भांडणाराला अंगणात हाकलतात. आमच्याकडे हा नियम देवाच्या दहा आज्ञांपेक्षा बरा पाळला जातो.

डेल्फी लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती. नवरा हॉबर्ट साइझमोर दिवसा खाणीत कोळसा फोडायचा आणि संध्याकाळी घरी बायकोला. लग्नाला महिनाही झाला नव्हता, ताकात माशी पडली एवढं निमित्त झालं, आणि त्याने तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. पुढचा दात पडला. सासू शेजारच्या खोलीत तपकीर ओढत बसली होती. ती उठली नाही की बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक कुशॉ आणून सुनेपुढे ठेवला आणि म्हणाली, "पाव शीक." डेल्फीला वाटलं, म्हातारी नवऱ्याचं तोंड गोड करायला सांगते आहे. तिला राग आला, पण शिकली.

खरा अर्थ तिला पगाराच्या एका शनिवारी कळला. हॉबर्ट पिऊन आला, त्याने तिचे केस मुठीत धरले आणि दुसरा हात उगारला. डेल्फीच्या तोंडून आपसूक निघालं, "हॉबर्ट, पाव आहे भट्टीत!"

त्याचा हात वरच राहिला. मग त्याने केस सोडले, हळूहळू, एकेक बोट उलगडत. दाराशी जाऊन बूट काढले, पायमोज्यांनी चालत टेबलाशी आला आणि बसला.

"किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

"तासभर तरी."

तो तासभर बसला. पाव निघाल्यावर लोणी लावून दोन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं, उठला, आणि मग तिला मारलं. त्या दिवशी तिचा डावा कान गेला तो कायमचा.

पण डेल्फी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. पुढच्या शनिवारी पहिला पाव निघायच्या आत तिने दुसरा कालवून ठेवला, आणि एक घाणा बाहेर येताच दुसरा आत लोटला. हॉबर्टने पुन्हा विचारलं, किती वेळ आहे. तिसऱ्या घाण्याला दारू त्याच्या डोळ्यांवर आली आणि तो खुर्चीतच घोरायला लागला. डेल्फी त्या रात्री पहिल्यांदा सरळ अंगाने झोपली. तिला वाटलं, सापडलं आपल्याला. जिंकलो आपण.

तिथून पुढे ती दरवर्षी कुशॉ जास्त लावू लागली. आधी परसात, मग डुकरांच्या खोपटामागे, मग थेट टेकडीच्या उतारावर. माळ्यावर रचलेले भोपळे थंडी संपेपर्यंत पुरायचे. ते संपले की तिचे वाईट दिवस सुरू व्हायचे. गळ्याखालचं हाड मोडलं ते वसंतात डॉगवूडच्या झाडांना फुलं आली होती तेव्हा, बरगड्या मोडल्या त्या मका गुडघ्याएवढा होता तेव्हा. बाकीचं जग वसंताची वाट बघतं. ही बाई माळ्यावरचे भोपळे बघून हबकायची. पाद्रीबाबांकडे एकदा गेली होती. ते म्हणाले, "सहन कर बाई, देव बघतो आहे." देव बघत असेल तर बघो, पण नुसतं बघणारे खोऱ्यातही पुष्कळ होते.

संपाच्या वर्षी तर कमाल झाली. कंपनीच्या भाडोत्री बंदूकवाल्यांनी खालच्या रस्त्यावरून संपवाल्यांच्या घरांवर गोळ्या झाडल्या. एक गोळी डेल्फीच्या स्वयंपाकघराची भिंत फोडून पिठाच्या पिंपात घुसली, दुसरीने खिडकीची काच खाली आणली. हॉबर्ट ओरडला, "पडा खाली!" आणि लगेच आवाज उतरवून म्हणाला, "हळू पडा. पाव आहे." मग तो, डेल्फी आणि त्यांचा एकुलता लहानगा एस्टिल, तिघंही मांजराच्या पावलांनी जमिनीवर आडवे झाले. वरून गोळ्या जात होत्या, पिंपातलं पीठ धुरासारखं उडत होतं, काचेने हॉबर्टचा कान कापून रक्त गळ्यात उतरत होतं. पाव मात्र छान फुगला. ही गोष्ट हॉबर्ट मरेपर्यंत सांगत राहिला आणि ऐकणारे पोट धरधरून हसले. डेल्फीही हसायची. पण जमिनीला गाल लावून पडली असताना तिच्या मनात येऊन गेलं होतं की, सुटलेल्या गोळीला थांबता येत नाही, या माणसाला मात्र येतं. पावासाठी येतं. म्हणजे याला हात आवरत नाही असं नाहीच मुळी. हा विचार तिला सोसवेना, म्हणून तिने तो लगेच झटकला आणि उठून पीठ झाडायला घेतलं.

पुढे हॉबर्टवर खाणीचं छत कोसळलं. मयताच्या दिवशी बायकांनी टेबल भरून पाव आणले. डेल्फी ओसरीवरच्या बाकावर गेली आणि भर दुपारी, पाहुण्यांसमोर, गाढ झोपली. "धक्का बसलाय बिचारीला," असं बायका म्हणाल्या. धक्काबिक्का काही नाही, बाईची झोप राहिली होती.

एस्टिल मोठा झाला, कोळशाचा ट्रक चालवू लागला आणि पलीकडच्या खोऱ्यातून लव्हायनाला लग्न करून घेऊन आला. ही लव्हायना उंच, रुंद हाडाची, हसली की समोरच्या टेकडीवर ऐकू जाणारी. चालायची ती दाणदाण. दार लावायची म्हणजे आपटायचीच. सासूला ती खोऱ्यातल्या इतरांसारखी "आत्या"च म्हणायची. डेल्फीला ती फार आवडली. तिच्या घरात इतका आवाज करायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

एस्टिलने तिला पहिल्यांदा मारलं ते दुकानदाराशी हसून बोलली म्हणून. डेल्फी तेव्हा ओसरीवर घेवडा सोलत होती. आतून आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग चापटीचा, मग लव्हायनाची किंकाळी, आणि मग बुक्क्यांचे ते जाड आवाज, जे डेल्फीला चांगले ओळखीचे होते. तिने हातातली पाटी खाली ठेवली. उठली नाही. खुर्ची फिरवली, आणि बहिरा कान घराकडे करून बसली. पोटचा पोर होता, एकुलता होता. आतला आवाज थांबेपर्यंत ती सोललेल्या शेंगा पुन्हा पुन्हा सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून कुशॉ काढला आणि सुनेपुढे ठेवला. लव्हायनाचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला.

"ये पोरी," डेल्फी म्हणाली, "पाव शिकवते."

"मला पाव नको आत्या. मला बंदूक कुठे ठेवलीये ते सांगा."

"बंदुकीने माणूस मरतो, मग तुरुंग. पावाला भोपळा पुरतो." आणि मग जे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते आवाज बारीक करून सांगितलं. "पाव भट्टीत असेपर्यंत तो हात लावणार नाही. बापाचं तसंच होतं. ट्रकचा आवाज ऐकलास की सोडा कालवायचा."

"आणि पाव बाहेर काढला की?"

"दुसरा टाकायचा."

"आणि भोपळे संपले की?"

डेल्फीने माळ्याकडे नजर टाकली. "पुढच्या वर्षी जास्त लावू," ती म्हणाली.

लव्हायना हसायला लागली. फाटक्या ओठातून रक्त यायला लागलं तरी थांबेना. "काय हो आत्या, जन्मभर हेच केलंत? तो उगारतोय आणि तुम्ही भोपळा शिजवताय? मला वाटायचं तुम्हाला पावाची आवड आहे!"

"जास्त शहाणपणा नको. दात शाबूत आहेत ना तुझे? मग ऐक."

ऐकावंच लागलं. लव्हायनाचे पहिले पाव बसले, पुढचे फुगले. आणि गंमत बघा, उपाय लागू पडला. एस्टिल तणतणत यायचा, दारातच वास घ्यायचा, बूट काढायचा. बायका काम करत राहायच्या, घाण्यामागून घाणा निघायचा, तो खाऊन झोपायचा. त्या शरदात लव्हायनाला मार बसला तो दोनदाच. डेल्फीला मनातून अभिमान वाटायचा. चार घरी पाव वाटताना ती सांगायची, "सुनेने केलाय हो. हाताला चव आहे पोरीच्या."

मग तो शनिवार आला. लव्हायना सकाळी कुणाच्या तरी गाडीतून काउंटीच्या मुख्य गावाला गेली आणि शर्टांच्या कारखान्यात काम विचारून आली. मिळालंही. सोमवारपासून ये म्हणाले. परत आली ती नाचतच. डेल्फीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "एस्टिलला कुणी सांगितलं तर?"

"मीच सांगणार आहे. चोरी केली का?"

पण खोऱ्यात बातमीला पाय नसले तरी ती ट्रकच्या आधी पोचते. दुपार कलली, वळणावर ट्रकचा गिअर खरखरला आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चालवणारा रागात होता हे आवाजावरूनच कळत होतं. लव्हायनाने सोडा ताकात ओतला. तिचे हात अक्रोडांच्या सालींनी काळे झाले होते. डबे भरले, भट्टीत लोटले, झाकण लावलं, आणि दार उघडलं.

एस्टिलने वास घेतला. तोंडात आलेली शिवी त्याने गिळली. वाकून बूट काढले, नीट जोडून ठेवले. पायमोज्यांनी टेबलाशी आला.

"कारखान्यात जाऊन आलीस म्हणे," तो अगदी हळू म्हणाला.

"आले."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

एस्टिलने कमरेचा पट्टा सोडला. उगारला नाही. शांतपणे गुंडाळला आणि टेबलावर ठेवला, पितळी बक्कल वर येईल असा. लोण्याचं भांडं पुढे ओढलं, सुरी पुसून शेजारी ठेवली, आणि बसला.

"किती वेळ आहे?" त्याने विचारलं.

डेल्फी चुलीपाशी उभी होती. आवाज त्याचाच होता, पण बसणं हॉबर्टचं होतं, सुरी पुसणं हॉबर्टचं होतं, प्रश्न तर हॉबर्टचाच. जन्मभर तिला वाटलं होतं की आपण मार चुकवला. कुठला चुकवला! आपण त्याला बसायला खुर्ची दिली, तोंडाला लोणी दिलं, आणि वेळ ठरवून दिली. आणि हे पोर टेबलाखाली बसून सगळं शिकत होतं. बापाने मारायला शिकवलं असेल, पण वाट बघायला याला आईनेच शिकवलं. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. तिने लव्हायनाकडे बघितलं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचे डोळे भट्टीच्या झाकणावर खिळले होते, डेल्फीचे खिळायचे तसेच.

"लव्हायना," डेल्फी मोठ्याने म्हणाली, "ढग आलेत. अंगणातले अक्रोड गोळा कर. चल, पाटी देते."

एस्टिलने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पाव व्हायच्या आत बाई परत येते हे त्याला माहीत होतं. त्या घरातून कुठलीच बाई आजवर पळाली नव्हती.

ओसरीवर डेल्फीने रिकामी पाटी सुनेच्या हातात दिली आणि तिचा दंड असा धरला की वळ उठले.

"ओढ्याच्या काठाने जा. तुझ्या भावाच्या घरी थांबू नको, तो आधी तिथेच जाईल. मोठ्या रस्त्याला लाग, जी गाडी दिसेल तिला हात कर. सोमवारी कारखान्यात जा."

"आणि तुम्ही?"

"मी पाव बघते."

"आत्या, तो तुम्हाला..."

"तोंड मीट. आणि चालताना आवाज करू नको, म्हशी."

लव्हायनाने पाटी खाली ठेवली, बूट काढून हातात घेतले आणि निघाली. खोऱ्याला हादरवणारी ती बाई अशी गेली की ओसरीची फळी करकरली नाही. डेल्फी आत आली, दार लावलं, आतून खिट्टी घातली आणि चुलीपुढच्या स्टुलावर बसली.

"तिला फार नाही मारणार," एस्टिल म्हणाला. त्याला आईची समजूत काढायची होती. "समज येईल इतकंच. बाबा मारायचे तसं."

"बाप कसा मारायचा ते तुला काय ठाऊक?"

"टेबलाखाली होतो ना मी."

"काय करायचास तिथे?"

"भट्टीकडे बघत बसायचो. पाव होऊच नये असं वाटायचं." तो हसला. ते लहानपणचं हसू होतं.

"आणि आता काय वाटतं?"

एस्टिलने खांदे उडवले. "आता भूक लागते."

लवंगेचा वास आता खोलीभर पसरला होता. डेल्फीने झाडूची एक काडी मोडली, झाकण उघडलं आणि डब्यात टोचली. काडी कोरडी ठक्क बाहेर आली. तिने ती झटकन चुलीत टाकली.

"ओला आहे अजून," ती म्हणाली. पावाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

एस्टिलने हवेत नाक वर केलं. "झालाय."

"मला शिकवतोस?"

"या वासावर वाढलोय मी. पाव झालाय आई." तो उठला. आता जपून चालायची गरज नव्हती, टाचा फळ्यांवर दणकन पडल्या. "लव्हायना!" त्याने हाक मारली. "अगं ए लव्हायना!" खिडकीशी गेला. अंगणात अक्रोड तसेच पसरलेले होते आणि पाटी ओसरीवर रिकामी पडली होती. त्याने वळून आईकडे बघितलं. डेल्फी दाराला पाठ लावून उभी होती आणि तिच्या हातात कोळसा ढवळायची सळई होती.

"कुठे गेली?"

"गेली."

"तू पाठवलीस?"

"मी पाठवली."

त्याने टेबलावरचा पट्टा उचलला. "बाजूला हो."

"नाही होत."

"आई, बाजूला हो, नाहीतर..."

"नाहीतर काय? मार. तुझ्या बापाचा मार खाल्लाय मी. तू कोण लागून गेलास?"

त्याने मारलं. बक्कल डेल्फीच्या गालाचं हाड फोडून गेलं आणि एका डोळ्यापुढे लाल झालं. दुसरा फटका मानेवर बसला, तिसरा कपाळावर. ती दारावरून हलली नाही. चौथ्यासाठी त्याने हात मागे नेला, आणि डेल्फीने सळई दोन्ही हातांनी धरून त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. एस्टिल ओरडला, वाकला, तिच्या गळ्याकडे हात टाकला. तिने पुन्हा घातली, त्याच जागी, लाकूड फोडताना घालतात तशी, सगळं वजन टाकून. तो कोसळला. घर खुंटांवर हादरलं, फळीवरची भांडी खणखणत खाली आली.

तो जमिनीवर गुडघा धरून गडाबडा लोळत होता. पाय भलत्याच बाजूला वळला होता. त्याने शिव्या दिल्या, मग नुसता ओरडला, मग रडायला लागला. डेल्फीने सळई हातातून सोडली नाही. रक्त तिच्या हनुवटीवरून झग्यावर गळत होतं.

"तू माझी आई ना गं?" तो विव्हळला.

"आहे. म्हणून गुडघा फोडला. दुसऱ्या कुणी मारलं असतं तर डोक्यात मारलं असतं."

"मी तुझं काय वाईट केलं?"

"माझं नाही केलंस. हे मी तुझ्या बापाला द्यायचं होतं, तू टेबलाखाली होतास तेव्हा. तेव्हा छाती झाली नाही. तेव्हा मी पाव करत बसले." तिने बाहीने डोळा पुसला, बाही लाल झाली. "तुला मारायचं नव्हतं रे पोरा. तुझ्यासाठी जीव तुटतो माझा. पण तू त्या पोरीला आणायला उठलास तर मी दुसराही गुडघा फोडीन. एस्टिल, इकडे बघ. फोडीन."

त्याने बघितलं आणि त्याला ते पटलं. तो कोपरांवर सरकत टेबलाखाली गेला, तिथे पाठ टेकायला जागा होती, आणि कण्हत पडून राहिला. डेल्फी दाराला घासत खाली बसली, सळई मांडीवर आडवी. एकुलत्या पोराला आपण लंगडा केला, हा आता ट्रक चालवणार नाही, खोऱ्यातली माणसं काय काय म्हणतील, सगळं तिला दिसत होतं. तरी दारावरून उठावंसं वाटेना.

भट्टीच्या झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला. आधी काकवी करपल्याचा कडवट वास आला, मग काळा धूर छताला लागला.

"आई," एस्टिल टेबलाखालून म्हणाला, "पाव जळतोय."

"जळू दे," डेल्फी म्हणाली, आणि लव्हायना मोठ्या रस्त्याला लागली असेल का, तिला गाडी मिळाली असेल का, याचा विचार करत बसून राहिली.